मोर्स आधी कानात, मग हातात, रेडिओ सगळ्यात शेवटी : बेळगाव भागातल्या नव्या हॅमसाठी क्रमवार मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हॅम रेडिओकडे (लायसन्स घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओकडे) वळणाऱ्या नव्या मंडळींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी रेडिओ घ्यायचा, मग पॅडल (मोर्स वाजवायची दोन पात्यांची कळ), मग गच्चीवर तार ओढायची, आणि हे सगळं झाल्यावर डॉट-डॅशचा तक्ता भिंतीला चिकटवून मोर्स पाठ करायला बसायचं. काही महिन्यांत पॅडलवर धूळ साचते आणि ‘मोर्स आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवून माणूस माइककडे वळतो. जमत नाही असं नसतं, क्रम उलटा झालेला असतो. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा जड वाटला तर तिथे जास्त दिवस थांबा, पण उडी मारू नका.

तयारी : आधी काय हवं आणि काय नको

पहिले दोन-तीन महिने लागणाऱ्या वस्तू घरातच असतात : मोबाइल किंवा संगणक, वायरचा हेडफोन, एकेरी रेघांची वही आणि पेन्सिल. ब्लूटूथ हेडफोन नको. ऐकण्यापुरता तो चालतो, पण पुढे हाताने मोर्स वाजवायला लागलात की आवाज किंचित उशिरा कानावर येतो आणि हात अडखळतो. सवय पहिल्यापासून वायरच्या हेडफोनचीच लावा.

वेळ रोज पंधरा मिनिटं सकाळी आणि पंधरा मिनिटं रात्री. रविवारी सलग तीन तास बसून आठवडाभर सुट्टी घेणाऱ्यांची प्रगती होत नाही. अर्ध्या तासानंतर कान थकतो आणि थकलेला कान चुकीचं शिकतो.

रेडिओ आत्ता नको. लायसन्स नसताना ट्रान्समीटर हवेत सोडणं तर दूरच, तो जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. ऐकायची हौस असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (ब्राउझरमधून फिरवता येणारा रिसीव्हर) इंटरनेटवर उघडा, आणि ७.००० ते ७.०३० किंवा १४.००० ते १४.०७० मेगाहर्ट्झमध्ये फिरा. खरी मोर्स तिथे रोज ऐकायला मिळते.

ताकीद : रेस्ट्रिक्टेड ग्रेडचं (खालच्या श्रेणीचं) लायसन्स आधीच हातात असेल, तर मोर्स हवेत सोडण्यापूर्वी त्यावर उत्सर्जनाचे कोणते प्रकार दिले आहेत ते वाचा. हाताने वाजवलेल्या मोर्सचा प्रकार ‘ए१ए’ असा लिहितात. तो आपल्याला मोकळा आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचा खर्च करू नका.

टप्पा १ : अक्षर मोजायचं नाही, ओळखायचं

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

मोर्सचं माप साधं आहे. ‘डिट’ (डॉट) एक मात्रा, ‘डा’ (डॅश) तीन मात्रा. एका अक्षराच्या आतल्या फटी एकेक मात्रेच्या, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द प्रमाण धरतात. शेवटच्या फटीसकट तो बरोबर ५० मात्रांचा होतो. यावरून मिनिटाला ८ शब्दांच्या वेगात एक डिट १५० मिलिसेकंदांचा येतो आणि २० शब्दांच्या वेगात ६० मिलिसेकंदांचा.

या दोन आकड्यांतच अडचण दडलेली आहे. १५० मिलिसेकंदांच्या डिटमध्ये मेंदूला मोजायला वेळ मिळतो : ‘लांब, आखूड, लांब... म्हणजे तक्त्यात कुठलं बरं?’ ही मोजण्याची सवय एकदा लागली की माणूस मिनिटाला नऊ-दहा शब्दांवर अडकतो, कारण त्यापुढे मोजायला वेळच उरत नाही. मग सगळं नव्याने शिकावं लागतं. ६० मिलिसेकंदांच्या डिटमध्ये मोजणं शक्यच नसतं, अक्षर आपोआप एकसंध कानावर पडतं. तबला शिकणारा मुलगा बोल तोंडाने म्हणतो, त्यातली अक्षरं मोजत बसत नाही. ‘के’ हे अक्षरही तसंच ‘डा-डि-डा’ असं एका झटक्यात ऐकायचं.

म्हणून सेटिंग असं ठेवा : अक्षराचा वेग १८ ते २०, पण अक्षरांमधल्या फटी इतक्या मोठ्या की एकूण वेग ५-६ शब्दांचाच राहील. याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. स्वर ६०० ते ७०० हर्ट्झच्या दरम्यान, कानाला गोड लागेल तो. एलसीडब्ल्यूओ हे संकेतस्थळ आणि विंडोजसाठीचा जी४एफओएन हा प्रोग्रॅम, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत हे वेग वेगवेगळे ठरवता येतात.

अक्षरं कोख पद्धतीने, म्हणजे एकेक करून, वाढवा. सुरुवात फक्त दोन अक्षरांनी : ‘के’ आणि ‘एम’. पाच मिनिटांच्या सरावात शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं अक्षर घ्या, मग चौथं. नव्वदच्या खाली असाल तर त्याच पायरीवर राहा. योगायोग असा, की बेळगाव आणि खानापूर जगभरच्या हॅम लोकांच्या नकाशात ‘एमके७५’ या चौकोनात येतात, निपाणी ‘एमके७६’मध्ये आणि खाली कारवार ‘एमके७४’मध्ये. म्हणजे पहिल्याच दिवशी शिकलेली दोन अक्षरं पुढे तुम्ही स्वतःचा ठिकाणा सांगताना आयुष्यभर वाजवणार आहात.

नेहमीच्या चुका :

– तक्ता भिंतीवर लावणं. तक्ता डोळ्यांसाठी असतो, मोर्स कानासाठी. काढून टाका.
– अक्षराला एखादा शब्द जोडून लक्षात ठेवणं. ऐकताना आधी शब्द आठवतो, मग अक्षर, आणि तोवर पुढची दोन निघून गेलेली असतात.
– रोज नवं अक्षर घेण्याची घाई.
– मोबाइलवरच्या डिकोडरला ऐकवून आपलं बरोबर आहे का ते पाहत बसणं. डिकोडर गोंगाटात आणि हाताच्या मोर्समध्ये हमखास चुकतो, आणि कान त्याच्यावर विसंबायला शिकतो.

काही जोड्या सगळ्यांनाच छळतात : ‘एस’, ‘एच’ आणि ५. ‘बी’ आणि ६. ‘व्ही’ आणि ४. ‘डब्ल्यू’, ‘जे’ आणि १. ‘एफ’ आणि ‘एल’. ‘क्यू’ आणि ‘वाय’. यांच्यासाठी वेगळा दिवस काढा आणि फक्त त्या जोडीचा सराव लावा. मिश्र सरावात त्या सुधारत नाहीत.

तपासणी : सगळी अक्षरं, आकडे, प्रश्नचिन्ह आणि तिरकी रेघ पाच मिनिटं ऐकून नव्वद टक्के उतरतात का? उतरत असतील तर एकूण वेग हळूहळू १०-१२ वर न्या. अक्षराचा वेग तोच ठेवा, फक्त फटी कमी करा.

टप्पा २ : लिहिणं

मराठी माध्यमातून शिकलेल्या बऱ्याच जणांची इंग्रजी लिहायची सवय सुटी, मोठी अक्षरं काढण्याची असते. मोर्स उतरवताना तिथे वेळ जातो. छोटी, जोडलेली लिपी वापरा. ती दुसऱ्याला वाचता आली नाही तरी सध्या हरकत नाही, तुम्हाला वाचता आली म्हणजे झालं. परीक्षेसाठी मात्र नंतर थोडं सुवाच्य करावं लागेल.

एखादं अक्षर सुटलं तर आडवी रेघ ओढा आणि पुढे जा. सुटलेल्या अक्षराचा विचार करणारा माणूस एक नव्हे, चार अक्षरं गमावतो. ही शिस्त अंगवळणी पडेपर्यंत वेग वाढवू नका.

वेग दहा-बाराच्या आसपास आला की रोज पाच मिनिटं पेन्सिल खाली ठेवून ऐका. संभाषणात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, म्हणजे सीक्यू (कोणीही उत्तर द्या), डीई (कडून), ५९९ (सिग्नल उत्तम), क्यूटीएच (ठिकाण), आरआयजी (रेडिओ), एएनटी (अँटेना), डब्ल्यूएक्स (हवामान), ७३ (शुभेच्छा), हे अक्षर-अक्षर न ऐकता अख्खे ओळखू यायला हवेत.

टप्पा ३ : हात

निम्म्याहून जास्त अक्षरं कानाला पक्की झाल्यावरच हाताकडे या. आधी वाजवायला लागलात तर कान स्वतःच्याच वाकड्या मोर्सला सरावतो.

पहिली की (मोर्स वाजवायची कळ) स्ट्रेट-की, म्हणजे वर-खाली दाबायची साधी कळ, असावी. पॅडलवर डिट आणि डा इलेक्ट्रॉनिक कीयर बनवतो, त्यामुळे मात्रेचं भान तुमच्या हातात उतरत नाही. नवी महागडी नको. जुनी पितळी तारखात्याची किंवा लष्करी की मिळाली तर उत्तमच. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्याआधी यावर हात बसलेली माणसं आणि सैन्यातून निवृत्त झालेले सिग्नलवाले आपल्या भागात अजून आहेत. शोधून त्यांच्यासमोर दहा मिनिटं वाजवून दाखवा. मनगटाची चूक ते बघताक्षणी सांगतील, जी कुठलाही प्रोग्रॅम सांगत नाही.

कीची मांडणी या क्रमाने करा :

१. की जड बुडावर पक्की बसवा. शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा आणि खाली रबराचे चार तुकडे पुरतात. टेबलावर सरकणारी की हा वाईट मोर्सचा पहिला उगम.
२. दोन्ही बाजूंचे पिव्हट स्क्रू असे आवळा की दांडा आडवा हलणार नाही, पण वर-खाली मोकळा राहील.
३. संपर्कबिंदूंमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. सुरुवातीला किंचित जास्त चालेल.
४. स्प्रिंग इतकीच घट्ट की दांडा स्वतःहून वर येईल. ताकद लावावी लागली तर हात दहा मिनिटांत भरून येतो.
५. कोपर आणि हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवा. अंगठा आणि दोन बोटांनी गुंडी हलकेच धरा. हालचाल मनगटातून, बोटांनी टोकायचं नाही.

आवाजासाठी ९ व्होल्टची बॅटरी आणि एक छोटा बझर पुरतो. थोडी सोल्डरिंग येत असेल तर ५५५ आयसीचा ऑसिलेटर बनवा, त्याचा स्वर जास्त बरा लागतो.

आता मुख्य गोष्ट. नव्या हाताची मोर्स कळत नाही ती डिट-डा बिघडल्यामुळे कमी, आणि फटी खाल्ल्यामुळे जास्त. ‘ए’ आणि ‘एन’ यांच्यामधली फट खाल्ली की समोरच्याला ‘पी’ ऐकू येतो. दोन ‘एन’ चिकटले की ‘सी’ होतो. वाजवणाऱ्याला वाटतं आपण बरोबर पाठवलं, कारण त्याला शब्द आधीच माहीत असतो.

तपासणी : वर्तमानपत्रातल्या इंग्रजी जाहिरातीचा एक परिच्छेद वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोन दिवस तो ऐकू नका. मग अनोळखी माणसाची मोर्स समजून उतरवून घ्या. जिथे तुम्हीच अडखळाल तिथे समोरचा नक्की अडखळणार.

पॅडल यानंतर. उजव्या हाताने वापरणार असाल तर अंगठ्याने डिट, तर्जनीने डा. दोन्ही पाती एकदम दाबून वाजवायची आयँबिक करामत लगेच शिकायची गरज नाही. एका वेळी एकच पात दाबूनही सुंदर मोर्स जाते.

टप्पा ४ : परीक्षा

जनरल ग्रेडच्या (वरच्या श्रेणीच्या) लायसन्ससाठी मोर्सची चाचणी मिनिटाला ८ शब्दांची असते, घेण्याची आणि पाठवण्याचीही. टप्पा १ नीट केलेल्यांना एक वेगळीच अडचण येते : चाचणीत अक्षरंही सावकाश आली तर वेगवान अक्षराला सरावलेला कान गोंधळतो. म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे रोज थोडा सराव अक्षराचा वेगही ८ वर ठेवून करा. हा तात्पुरता सराव आहे, मुख्य पद्धत बदलायची नाही. पाठवताना चूक झाली तर आठ डिट सलग वाजवा आणि तो शब्द पुन्हा पाठवा.

अर्ज सरल संचार पोर्टलवर. भरताना चालू नियम तिथेच वाचून घ्या. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

टप्पा ५ : रेडिओ निवडणं

लायसन्स हातात आल्यावर पहिला प्रश्न ‘कुठला रेडिओ’ असतो. माझ्या मते आधीचा प्रश्न ‘तार किती लांब ओढता येईल’ हा आहे. शहापूर, वडगाव, टिळकवाडीत गच्ची छोटी असेल तर २० मीटर बँड (१४ मेगाहर्ट्झचा पट्टा) धरा, त्याची तार साधारण दहा मीटरची. शेत किंवा मोठं परडं असेल तर ४० मीटर बँड (७ मेगाहर्ट्झचा). ४० मीटरवर दुपारी पुणे-बेंगळुरूच्या टप्प्यातली, आणि अंधार पडल्यावर बरीच लांबची स्टेशनं मिळतात.

फक्त मोर्ससाठी आणि कमी खर्चात सुरुवात करायची तर क्यूआरपी लॅब्सचं क्यूसीएक्स-मिनी हे किट मला सगळ्यात योग्य वाटतं. एकच बँड, पाचेक वॉट, आत कीयर, अरुंद फिल्टर आणि १२ व्होल्टवर काम. वीज गेली तरी छोट्या बॅटरीवर चालतं, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. मात्र बँड मागवतानाच ठरवावा लागतो आणि सोल्डरिंगचा हात हवा. अनेक बँड हवे असतील तर हैदराबादच्या अशर फरहान यांच्या रचनेचा मायक्रोबिटएक्स आहे. तो मोर्स चालवतो, पण मूळ रचनेत अरुंद सीडब्ल्यू (मोर्स) फिल्टर नाही, तो बाहेरून जोडावा लागतो. तयार संच हवा असेल तर २० वॉटचा शिएगू जी९०, आणि त्याच्या वर १०० वॉटचा आयकॉम आयसी-७३००. १०० वॉटच्या रेडिओला १३.८ व्होल्टवर वीसेक अँपिअर देणारा पुरवठा लागतो. त्याचा खर्च आधीच धरा, कारण स्वस्त पुरवठा स्वतःच गोंगाट करतो. आणि रेडिओ कितीही वॉटचा असला तरी मर्यादा तुमच्या लायसन्सवरचीच.

जुना रेडिओ घेताना तीन गोष्टी तपासा :

– ५०० हर्ट्झचा सीडब्ल्यू फिल्टर बसवलेला आहे का? जुन्या संचांत तो बऱ्याचदा वेगळा विकत घ्यावा लागत असे. नसला तर बाजूची तीन स्टेशनं एकदम ऐकू येतील.
– डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या, ताकद शोषणाऱ्या रोधावर) सलग डिट वाजवून पाहा. ताकद स्थिर राहते का, स्वर थरथरतो का?
– साइडटोनचा (वाजवताना स्वतःला ऐकू येणाऱ्या सुराचा) आवाज आणि स्वर बदलता येतो का?

ताकीद : स्ट्रेट-कीची वायर मोनो जॅकची असेल आणि रेडिओचं सॉकेट स्टिरिओ, तर पॅडलच्या सेटिंगवर रेडिओ स्वतःहून डा-डा-डा पाठवत सुटतो. स्टिरिओ जॅक लावा आणि मेनूत ‘स्ट्रेट’ निवडा. पहिली जोडणी नेहमी डमी लोडवर करा.

टप्पा ६ : तार

अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचं (मध्ये केबल जोडलेल्या दोन बाजूंच्या तारेचं) सूत्र : १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.०३० साठी एकूण २०.३४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.१७. १४.०५० साठी एकूण १०.१८, बाजू ५.०९. घरगुती वायरिंगची तांब्याची वायर चालते. कापताना प्रत्येक बाजूला फूटभर जास्त ठेवा. मधला भाग पाइपवर उंच आणि टोकं खाली, अशी उलट्या ‘व्ही’सारखी ओढली की एकच खांब पुरतो.

मग नॅनोव्हीएनएने (तार कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जुळते ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्राने) मोजा. समजा एकूण २०.९ मीटरची तार ६.८५ मेगाहर्ट्झवर जुळते आहे. नवी लांबी = २०.९ × ६.८५ ÷ ७.०३ = २०.३६. म्हणजे ५४ सेंटिमीटर जास्त, प्रत्येक बाजूने २७. एकदम कापू नका. आधी टोक दुमडून मोजा, मग कापा. दोन्ही बाजू सारख्याच. एसडब्ल्यूआर (तार रेडिओशी किती जुळते ते सांगणारा आकडा) दोनच्या खाली आला की पुरे. एकच्या मागे लागून दिवस घालवू नका.

ताकीद : शेतातून जाणाऱ्या वीजतारा बऱ्याच ठिकाणी लोंबकळलेल्या असतात. आपली तार त्यांच्या वरून, खालून किंवा तुटून पडली तर पोचेल एवढ्या अंतरावरही कधीच नको. उसाच्या फडातून तार ओढताना दोन माणसं तरी हवीत, एक ओढायला आणि एक फक्त वर बघायला.

एप्रिल-मेच्या वळवात विजा अचानक येतात. को-ॲक्स (रेडिओ आणि तार जोडणारी केबल) रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकणं हाच भरवशाचा उपाय. अरेस्टर (विजेपासून वाचवणारा भाग) असला तरी काढाच. वापर झाल्यावर रोज काढायची सवय लावली तर आभाळ बघत बसावं लागत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात को-ॲक्सच्या तोंडातून पाणी शिरतं आणि आतली जाळी हिरवी पडते. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

गोंगाट जास्त वाटला तर रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करा. गोंगाट पडला तर उगम घरात आहे. एकेक एमसीबी चालू करत शोधा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्यावर पहिला संशय घ्या. पडला नाही तर बाहेरचा, मग ऐकण्याची वेळ बदला. सौर पंपाचा इन्व्हर्टर सूर्य मावळला की गप्प होतो.

तपासणी : १४.१०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय बीकन (ठरावीक सिग्नल आपोआप पाठवणारी स्टेशनं) ऐका. १८ स्टेशनं पाळीपाळीने दहा-दहा सेकंद येतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. प्रत्येक जण २२ शब्दांच्या वेगात कॉलसाइन (स्टेशनची सांकेतिक ओळख) पाठवतो आणि मग चार लांब डा : १०० वॉट, १० वॉट, १ वॉट, ०.१ वॉट. श्रीलंकेचा ४एस७बी आपल्याला त्यातल्या त्यात जवळचा. त्याचा तिसरा डा ऐकू आला तर तुमची तार उत्तम काम करते आहे. एखादा बीकन कधी बंदही असतो, तेव्हा दोन-तीन दिवस ऐकूनच मत बनवा.

टप्पा ७ : पहिलं संभाषण

स्वतः सीक्यू देण्याऐवजी दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर द्या. त्याचा कॉलसाइन तुम्ही आधीच दोनदा ऐकलेला असतो, आणि पुढे काय येणार तेही माहीत असतं. त्याचा स्वर तुमच्या साइडटोनशी जुळेपर्यंत रेडिओ फिरवा. हे न केल्यास अरुंद फिल्टर लावलेल्या माणसाला तुम्ही ऐकूच येत नाही. इतरांना उत्तर देऊन हात स्थिरावल्यावर स्वतः सीक्यू द्यायला लागाल, तेव्हा मात्र आधी ‘क्यूआरएल?’ (ही फ्रिक्वेन्सी कोणी वापरतंय का?) दोनदा विचारा आणि थांबून ऐका.

पहिल्या दहा संभाषणांसाठी मजकूर वहीत लिहूनच ठेवा : त्याचा कॉलसाइन, डीई, तुमचा कॉलसाइन, आरएसटी (त्याच्या सिग्नलचा दर्जा, उदा. ५९९) दोनदा, नाव दोनदा, क्यूटीएच दोनदा, शेवटी केएन (आता फक्त तुम्हीच उत्तर द्या). क्यूटीएच म्हणून वाडीचं नाव पाठवून उपयोग नाही. ‘एनआर’ (जवळ) लावून जवळच्या शहराचं नाव द्या, आणि लायसन्सवर आहे तेच स्पेलिंग नेहमी वापरा. विचारल्यास ‘एमके७५’ द्या.

ज्या वेगाने घेता येतं त्याच वेगाने पाठवा, कारण समोरचा तुमच्याच वेगाने उत्तर देतो. तरी तो भरधाव सुटला तर ‘क्यूआरएस पीएसई’ (कृपया सावकाश) पाठवायला लाजू नका. चांगला ऑपरेटर लगेच सावकाश होतो.

संपलं की लगेच नोंद करा : तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, दोन्हीकडचे आरएसटी. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री सव्वानऊला बोललात तर १५.४५. पहाटे साडेचारला बोललात तर २३.००, आणि तारीख आदल्या दिवशीची. ही तारखेची चूक झाली तर समोरच्याच्या नोंदीशी तुमची नोंद जुळत नाही आणि संभाषणाची पुष्टी अडकते. रेडिओशेजारी यूटीसी लावलेलं स्वस्तातलं दुसरं घड्याळ ठेवा.